घाटातली शर्यत

“वकीलसाहेब, चढावर तुमच्या फिएटला दम लागतो!” निवृत्त मामलेदार घोरपडे आपल्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर थाप मारत म्हणाले.

“आणि तुमची गाडी वळवायला गावाबाहेरचं मैदान लागतं!” काटदरे वकील उसळले.

वीस वर्षं चहाच्या टपरीवर रोज हेच. ॲव्हरेज, पिकअप, डिकीत मावणाऱ्या आंब्याच्या पेट्या. कुणीच मागे हटायचं नाही. शेवटी आज यवतेश्वरचा घाट चढून काय तो सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. अट एकच, इंजिन मूळचंच हवं. पंच म्हणून दोघांच्याही विश्वासातला दस्तगीर मिस्त्री.

दस्तगीर गालातल्या गालात हसत होता. गेल्या महिन्यात दोघंही वेगवेगळे त्याच्या गॅरेजात येऊन, जुनं इंजिन काढून गुपचूप नवं बसवून गेले होते. जाताना दोघांनीही बजावलं होतं, “मिस्त्री, त्याला कळता कामा नये.”

त्यानं रुमाल हलवला. दोन्ही गाड्या सुसाट सुटल्या. मग तो आरामात आपल्या खिळखिळ्या जीपमध्ये बसला आणि तिसऱ्या वळणावर दोघांनाही मागे टाकून गेला.

वर पोचल्यावर दोघं घाम पुसत जीपभोवती फिरले. “ह्या डबड्यात इंजिन कुठलं घातलंस रे?” वकिलांनी विचारलं.

“तुमच्यातल्याच एकानं भंगारात दिलेलं,” दस्तगीर म्हणाला. “जरा साफसूफ केलं, बस.”

कुणाचं, हे विचारायची सोय दोघांनाही उरली नव्हती.