खाऱ्या पाण्यातली सुरी

वादळात होडीसकट नाहीशा झालेल्या बाबांची सुरी वर्षभराने ओहोटीला सारसोळ्याच्या खाडीतल्या चिखलात सापडली. तुर्भ्याच्या कारखान्यातून मीच ती त्यांच्यासाठी आणली होती, पात्यावर नाव कोरून. आईने ती उन्हात धरली. "बग, गंज नाय! कालपरवापर्यंत पुसून वापरलीय. तुजा बापूस जिता हाय." तिची लोखंडी कोयती एक रात्र ओली राहिली तरी तांबडी व्हायची. मला सांगावंच लागलं. "आये, ही स्टीलची हाय. यात क्रोमियम घालतात. खाऱ्या पान्यातपन गंजत नाय, कोनी पुसली नाय तरी." सुरी आणि कोयती, दोन्ही तिने खाडीच्या पाण्याने भरलेल्या टोपात बुडवल्या. सकाळी टोपातलं पाणी तांबूस झालं होतं. गंजलेली कोयती आईने बाजूला ठेवली. लखलखती सुरी पदराने कोरडी केली आणि त्याच पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं.