शेवटच्या ओव्हरचा माणूस

दयानंदने माइक घेतला तो लवकर सोडण्याच्या इराद्याने नव्हताच.

"अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ आहे," मस्कतजवळच्या सीबच्या वाळूच्या मैदानालगत, शामियान्यात बसलेल्या शे-दीडशे कोकणी माणसांना तो सांगू लागला. "तिथे एक बोलर नुसता शेवटी येतो. बाकीच्यांनी केलेली घाण निस्तरायला. अशा माणसालाही ते खेळातला सगळ्यात मोठा मान देतात. आपल्या लीगला हे उशिरा कळलं. उस्मानभाय, माफी असावी!"

टाळ्या झाल्या. लीगच्या मानाच्या भिंतीवर आजवर फक्त बॅट धरलेले फोटो लागले होते. पहिला बोलर आज लागत होता. उस्मान काचेच्या ट्रॉफीवरचं आपलं नाव अंगठ्याने चोळत होता. पुसलं जातं का, ते बघत असावा.

शेजारी बसलेल्या हाफिजाचं लक्ष नवऱ्याच्या छातीकडे होतं. तिथे नुकताच स्टेंट बसला होता. चालायचं, पण धावायचं नाही, आणि बोलिंगचं तर नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परवाच्या विमानाने ती त्याला कायमचा रत्नागिरीला घेऊन चालली होती. सामान बांधून झालं होतं. हा माणूस तेवढा न्यायचा राहिला होता.

दुपारनंतरची असरची नमाज होऊन गेली होती. समोरचं मैदान रिकामं होतं. उस्मान एकाएकी ताठ बसला.

"काय हो? दुखतंय?"

"मिडऑफला बघ. सादिकभाय. टोपी काढून परत घातली."

मॅच हातची जायला लागली की कप्तान सादिक तोंडाने काही बोलायचा नाही. टोपी काढायचा, परत घालायचा, आणि उस्मान बोलिंगला यायचा. हे हाफिजाला पाठ होतं. पण सादिकला मातीआड करून दोन वर्षं झाली होती. त्याच्या बायकोपाशी इद्दतभर, म्हणजे सुतकाचे चार महिने दहा दिवस, हाफिजाच जाऊन बसायची.

तिने मान वळवली नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर मानावं लागलं असतं.

"खलास झालं ते सगळं. गप बसा. बिर्याणी येतेय."

"त्याला कधी नाही म्हटलंय का मी?"

"मला म्हटलंत ना, आयुष्यभर!"

उस्मान हसला. अंगावरची शाल घडी करून त्याने तिच्या मांडीवर ठेवली, वर ट्रॉफी ठेवली. "एक ओव्हर. आलोच."

तिने त्याची बाही धरली. "दयानंदभाऊ, अडवा यांना!"

दयानंदने मैदानाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग आयुष्यात पहिल्यांदाच माइक आपणहून खाली ठेवला, चपला काढल्या आणि थर्डमॅनला जाऊन उभा राहिला. मागच्या रांगेतला जुनैद पोट सावरत लाँगऑनकडे निघाला. मग आणखी एक, मग सुटातला एक. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पन्नाशी-साठीची माणसं आपापल्या जागा विसरली नव्हती. बाही हातातून कधी सुटली, ते हाफिजाला कळलं नाही.

समोर बॅट्समन नव्हता. तरी उस्मान मार्कवर जाऊन वळला, तेव्हा स्टंपांमागे जाऊन उभ्या राहिलेल्या विकेटकीपरने क्रीजकडे एकदा पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. अंपायरच्या जागी उभ्या राहिलेल्याने हात आडवा धरला होता. रिकाम्या क्रीजवर कोणाचं तरी गार्ड घेणं चाललं होतं.

हाफिजा उठली. शाल आणि ट्रॉफी तिने खुर्चीवर ठेवली, ओढणी घट्ट केली. बक्षिसांच्या टेबलावर नवी बॅट होती, अजून प्लॅस्टिकमधली. जन्मात तिने बॅट धरली नव्हती. बॅट तशीच काखोटीला मारून ती भर मैदानातून चालत गेली.

"बोलिंग मला करा," ती नवऱ्याला ओरडून म्हणाली. "बघते ओव्हर कशी संपते ती!"

मग ती रिकाम्या क्रीजकडे वळली. आता तिने नीट बघितलं.

"सरका जरा," ती म्हणाली.

वाळूत कोणाची तरी पावलं बाजूला उमटत गेली.