प्रवाहाकडे तोंड

आधी धरायचा आणि मग सोडून द्यायचा? जावयाचं हे खूळ मथुराबाईंना पटेना. चाळीस वर्षं हर्णै बंदरावर मासे विकले होते त्यांनी.

हिमालयाच्या पायथ्याच्या गार नदीत, गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीला फसलेला महासीर मासा जावयाने त्यांच्या हातात दिला. "आई, दमलाय तो. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरा."

सवयीने त्यांचा अंगठा कल्ल्यावर गेला. गिऱ्हाइकाला ताजेपणा दाखवायला असे हजारो कल्ले त्यांनी उघडले होते. हा मात्र बोटाखाली आपला आपण उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग माशाच्या अंगात जोर भरला आणि तो सुळकन निघून गेला.

मथुराबाईंचे हात पाण्यातच राहिले.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "मासा असा असतो होय?"