अडीचच्या बांगड्या

बांगड्या भरायला आलेल्या अकिलाने आनंदीचा डावा हात मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि बोटं एकत्र दाबून पहिली हिरवी बांगडी चढवली. ती बोटांच्या मुळाशी अडली. आनंदीने ओठ दाताखाली धरला.

"दसऱ्याक सव्वादोनाच्या मापाची बसलेली गो हिका," अकिला आनंदीच्या आईला म्हणाली.

"भात कांडून सुजलेत हात. अडीचाची भर," कावेरी घाईने म्हणाली.

लग्न परवावर आलं होतं. आरोंद्याहून शालू घेऊन आलेल्या विहीणबाई, हौसाबाई, समोरच पाटावर बसल्या होत्या. त्या हसल्या. "आंग काटकीसारख्या आणि हात माझ्यासारखे! उपास कमी कर गो बाय. आमच्याकडे पेजेक तोटो नाय."

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. अकिला हसली नाही. कष्टाचा हात कडक होतो, हे तिला ठाऊक होतं. हा हात मऊ सुजला होता आणि गरम लागत होता. बांगड्या सरकवता सरकवता तिने हळूच विचारलं, "सकाळची मूठ वळता?"

"ऊन अंगणात येयपर्यंत वळणा नाय."

हौसाबाईंनी ते ऐकलं. "कसली सूज ही, कावेरीबाय?"

"सांगितलंय नाय? कांडपाची..."

"आई, खोटा बोलू नको," आनंदी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "परवा देवासमोर उभी ऱ्हवतलंय मी." मग ती हौसाबाईंकडे वळली. "बाबांनी बोटीन मुंबईक नेऊन रगत तपासल्यानी. त्यात दुखण्याची खूण गावली आसा."

हौसाबाईंचा हात शालूवर थबकला. "रगतात? रगतपिती नाय मां ती?"

आनंदीचे वडील, सदानंद मास्तर, आतून धावत बाहेर आले. हातात रक्ततपासणीचा कागद होता. वर्गात बोलतात तसं शुद्ध बोलू लागले. "नाही हो, रक्तपिती नव्हे, महारोग नव्हे. हा संधिवात आहे. याची लागण होत नाही. आता फक्त सुरुवात आहे. लवकर समजलं ते फार बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले."

"होय, मास्तरांनू," हौसाबाई सावकाश म्हणाल्या. "बरा झाला. अक्षता पडूच्या आधी समजला."

हौसाबाई उठल्या. आनंदीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "तू खरा बोललंस. देव तुझा बरा करतलो. पण माका एकच सून येवची आसा गो. दळण, पाणी, गुरां... सगळा तिनाच बघूचा." शालूची घडी काखेत मारून त्या पायऱ्या उतरल्या. मास्तर कागद तसाच पुढे धरून अंगणाच्या टोकापर्यंत त्यांच्या मागोमाग गेले.

आनंदीच्या डाव्या हातात अकरा बांगड्या झाल्या होत्या. कावेरी भिंतीला टेकून बसली होती.

"काढ गो ती काकणां," ती अकिलाला म्हणाली.

अकिलाने पुन्हा साबण लावला. बांगड्या मनगटावरून सरकल्या आणि सुजलेल्या सांध्यांशी येऊन थांबल्या. आनंदीच्या कपाळावर घाम आला, पण तिने हात मागे घेतला नाही. अकिलाच थांबली.

"येणत नाय, वयनी."

कावेरीने पदर तोंडाशी धरला. फोडायच्या हा शब्द तिच्या तोंडून निघेना. "मगे... वाढव."

"लगीन नाय झालेल्या पोरीची काकणां?" अकिलाने मान हलवली. "माका भरूक येतत, वयनी. वाढवूक दुसऱ्या कोणाक तरी बोलवा."

तिने बांगड्यांची पेटी बंद केली. पण ती उठली नाही, आनंदीचा हातही तिने सोडला नाही. भाजलेल्या लेकराला घालतात तशी त्या बोटांवर ती फुंकर घालत बसली.