ओल्यावर सुकं

"कालचा चोथा ठेवलाय ना बाजूला?" काकांनी कॉफीवाल्याला विचारलं आणि मागे उभ्या असलेल्या काकूंचा जीव भांड्यात पडला. पहिलं दुकान तरी बरोबर सापडलं होतं.

कॉफीवाल्यानं काउंटरखालून ओली, जड पिशवी काढली. टाकून द्यायचा माल, पण तो देत होता अशा थाटात, की जणू केक बांधून देतोय. मग सोबतच्या चष्मेवाल्या बाईंकडे बघून म्हणाला, "अरे वा, बऱ्याच दिवसांनी!"

बाई नुसत्या हसल्या. धंदेवाल्यांना काय, सगळेच ओळखीचे, काकूंच्या मनात आलं.

या बाई सकाळीच घरी आल्या होत्या. कोण, कशाला, हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. मध्यंतरी काका फोनवर हळू आवाजात बोलताना त्यांच्या कानावर पडलं होतं. एकदा येऊन डोळ्यांनी बघावं आणि मग ठरवावं, दोघांनी इथे राहायचं की घर सोडायचं, असं काहीतरी. म्हणजे तपासणीच की! फक्त तपासणीला येताना एवढी मोठी बॅग कशाला आणावी, हे काही काकूंना कळेना.

तपासणी कुणाची, हे मात्र उघड होतं. उभी हयात बस चालवलेला माणूस, शहरातला खड्डान् खड्डा पाठ, आणि हल्ली रोज सकाळी बायकोला विचारतो, आज वार कोणता. काकू आपल्या पटकन सांगून मोकळ्या व्हायच्या. आज त्या "बुधवार" म्हणाल्या, तर काका म्हणे, "शनिवार गं." काकूंनी वाद घातला नाही. अशा माणसाशी कसला वाद घालायचा? परवा तर त्यांनी पिशवीवर आपला फोन नंबर ठळक अक्षरांत रंगवला होता, आणि तोही काकूंच्या पिशवीवर.

काकूंना बाकी कशाची भीती नव्हती. पण मागच्या अंगणातली मुरमाड जमीन दोघांनी पाला, साली, चोथा, मिळेल ते गोळा करून, कुजवून, काळीभोर केली होती. ती टाकून कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचं, या विचारानंच त्यांना रडू येई.

"आता इथून कुठे गं?" दुकानाबाहेर येताच काकांनी विचारलं.

काकूंनी चटकन मागे वळून पाहिलं. नेमकं बाईंच्या समोर!

"सुताराकडे," त्या घाईघाईनं म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या.

"आज उजवीकडून जाऊ."

काकू मुकाट्यानं मागे निघाल्या. रस्ता चुकलाच तर यांना लांबचा फेरा आवडतो म्हणून सांगू, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण कोपरा ओलांडला तर सुताराचं दुकान चक्क समोर. काकूंना हायसं वाटलं.

"काय काकू, ओळखलंत का?" सुतारानं रंधा बाजूला ठेवत विचारलं.

"डोक्यापासून पायापर्यंत भुसा माखलेल्या माणसाला सुतार नाही म्हणायचं, तर काय शिंपी?"

सुतार खो खो हसला. काकू मात्र मनातून चरफडल्या. परीक्षा यांची, आणि प्रश्न मला विचारतोय शहाणा!

"प्लायचा भुसा नको हं," काका म्हणाले. "त्यात गोंद असतो. निव्वळ लाकडाचा दे."

काकूंनी बाईंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "बघितलंत? बारीकसारीक सगळं लक्षात असतं यांच्या."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"भुसा फार उडतो इथे," काकू समजुतीनं म्हणाल्या.

बागेतल्या माळ्यानं वाळक्या पानांचं पोतं बांधूनच ठेवलं होतं. बाईंनी ते सरळ खांद्यावर टाकलं.

"अहो, राहू द्या, तुमचं काम नाही ते."

"सवय आहे. लहानपणी हेच करायचे मी."

काकूंना बाई आवडल्या. एवढी शिकलेली बाई, पण नखरा म्हणून नाही.

घरी आल्यावर काकांनी खताच्या खड्ड्यात आधी चोथा पसरला. काकूंचा हात पुन्हा चोथ्याच्या पिशवीकडे गेला, तेव्हा काकांनी त्यांचं मनगट अलगद धरलं.

"ओल्यावर सुकं."

"हो हो, माहितीये!" काकू म्हणाल्या. आनंदाच्या भरात होतं माणसाचं असं. त्यांनी पानं टाकली, काकांनी वर भुसा भुरभुरला. सगळं यथासांग पार पडलं. एकही चूक नाही.

आता काकूंना धीर धरवेना. "मग? काय ठरवलंत?"

बाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. मूठभर काळी माती उचलून त्यांनी ती बोटांनी चुरून पाहिली.

"घर सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "दोघांनी इथेच राहायचं. मी येत जाईन."

काकूंच्या छातीवरचं दडपण उतरलं. त्यांनी मातीच्याच हातांनी बाईंचे हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू? एवढं एकच करा. माझी लेक यायची आहे आज. सकाळीच तिची खोली झाडून, नवी चादर घालून ठेवलीये मी. ती फार काळजी करते हो यांची. तिला हे तुमच्याच तोंडून सांगा, म्हणजे तिला पटेल."

बाईंनी मान डोलावली. हात मात्र सोडवून घेतले नाहीत.

काकांनी हात झटकले आणि दाराशी ठेवलेली ती मोठी बॅग उचलली.

"चल," ते बाईंना म्हणाले, "तुझ्या खोलीत ठेवतो. आईनं नवी चादर घातलीये."