मुंगी चावल्याएवढी ठिणगी

“मारू?”

“मार.”

तिने हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि अंगातला सगळा राग घालून फिरवलं. मॅग्नेटोतून खट् असा आवाज आला. नवरा इंजिनाच्या बाजूला वाकून उभा होता, प्लगपासून सोडवलेली वायर दोन बोटांत धरून.

“आली?”

“मुंगी चावल्याएवढी,” तो म्हणाला. “एवढ्यावर काय इंजिन चालणार, कपाळ!”

सकाळपासूनची ही एकविसावी मुंगी होती. तिने मोजल्या होत्या, कारण शेडमध्ये करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

ट्रॅक्टर त्यांच्या लग्नाहून जुना. त्याला बॅटरी नाही. हँडल फिरवलं की मॅग्नेटो ठिणगी देणार आणि मग इंजिन पेटणार. आठ दिवस तो त्या मॅग्नेटोच्या मागे लागला होता. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल दुसरी घातली, वायरी नव्या आणल्या. दर बदलानंतर स्वयंपाकघरात तिला हाक, आणि दर वेळी मुंगी.

“एकदा प्लगला लावून तरी बघा,” ती म्हणाली.

“ठिणगी पास झाल्याशिवाय मी वायर लावत नाही. चाळीस वर्षांत कधी लावली नाही.”

“मग दुकानातून टेस्टर आणा.”

“टेस्टरचा दिवा कशानेही लागतो. बोट खोटं बोलत नाही.”

“निदान डोळ्यांनी तरी बघा, उडते का ते!”

“दिवसाउजेडी ठिणगी फिकीच दिसते. तुला यातलं कळत नाही, तू हँडल मार.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. त्या हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं.

चार वाजता जुन्या यंत्रांच्या संग्रहालयाचे साहेब येणार होते. त्यांच्याकडे एकोणीस जुनी इंजिनं बंद पडून होती आणि ती सांभाळायला माणूस हवा होता. हा ट्रॅक्टर सुरू करून दाखवला तर जागा त्याची. “बाकी काही नको, तुमचा हात अजून चालतोय एवढं बघू,” असं साहेब फोनवर म्हणाले होते.

पाच महिन्यांपूर्वी वर्कशॉपने त्याला घरी बसवलं होतं. लागोपाठ तीन इंजिनांचे बोल्ट त्याने इतके आवळले की आटेच गेले. “हल्लीचे बोल्ट मेणाचे असतात,” असं त्याने घरी सांगितलं आणि तिने ते मानलं. तेव्हापासून तो घरात बसून तिचे डबे उंचीप्रमाणे लावत असे. त्याला ही नोकरी हवी होती. त्याने दिवसभर घराबाहेर असणं तिला त्याहून जास्त हवं होतं.

चारला पाच मिनिटं असताना ती चहा घेऊन आली. पेला फडक्यात धरला होता. वाटेत अंगणाच्या मधोमध त्याची डावी चप्पल पडलेली दिसली. तिने ती उचलून आणली आणि त्याच्या पायाशी टाकली.

“खिळे पडलेत सगळीकडे, आणि हे अनवाणी फिरतायत!”

त्याने पायाकडे पाहिलं. “आत्ता तर पायात होती,” असं पुटपुटत त्याने पेला हातात घेतला. “गार केलास ना येईपर्यंत?”

“अजून तोंडही लावलं नाहीत!”

“हाताला कळतं.”

त्याने पेला मडगार्डवर ठेवून दिला. त्यातून वाफ निघत होती. ती बघून तिने दात आवळले. तिच्या हातचं काहीच या माणसाला कधी पुरेसं वाटलं नाही.

“खरं सांगू का?” तो हळूच म्हणाला. “दोष मॅग्नेटोचा नसेलही. तुझा जोर कमी पडतोय.”

आता मात्र हद्द झाली. हँडल सोडून ती ताडताड त्याच्याकडे आली आणि वायर त्याच्या हातातून ओढून घेतली.

“जा पुढे. तुम्ही मारा हँडल. मी धरते वायर.”

“अगं, शॉक बसेल.”

“मुंगी चावून आजवर कोणी मेलं नाही.”

तो कुरकुरत पुढे गेला आणि वाकला. रेडिएटरच्या आड तो दिसेनासा झाला. तिने वायरचं टोक दोन बोटांत धरलं, त्याच्यासारखंच.

“मारू?”

“मारा!”

खट्.

कोणीतरी बोटांपासून खांद्यापर्यंत दांडका हाणल्यासारखं झालं. ती मागे फेकली गेली आणि रिकाम्या पोत्यांवर जाऊन आदळली. तिचा धक्का लागून इंजिनावरचा पाना खाली पडून वाजला. दातांवर दात आपटले होते आणि हात थरथरत होता.

“काय पडलं?” समोरून आवाज आला.

“पाना,” ती कशीबशी म्हणाली.

समोर मडगार्डवरचा पेला अजून वाफाळत होता. त्याच्यापलीकडे उठताना त्याने रेडिएटरवर हात टेकला होता. त्याच्या बोटांवरचे जे डाग तिला दिवसभर ग्रीसचे वाटत होते, ते भाजल्याचे फोड होते. त्यातला एक फुटला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

“साहेब आले,” तो म्हणाला. आवाजात आता कुरकुर नव्हती, भीती होती. “खरं सांग, केवढी आली?”

तिने थरथरता हात पोत्याखाली दाबून धरला.

“मुंगीएवढीच,” ती म्हणाली. “पण चालेल एवढ्यावर. तुम्ही हँडलवरच थांबा, वायरी मी लावते.”