न कसलेला नट

“अजून थोडी पुढे घे. अजून जरा. बस्स!”

धाकटीने ब्रेक दाबला. टायरवर खडूने केलेल्या खुणा मघाशी पुढच्या बाजूला होत्या, त्या आता बरोबर मागे आल्या होत्या. ती खाली उतरली. थोरल्याने टेपचं एक टोक उजव्या चाकाच्या खुणेवर धरलं आणि दुसरं जीपच्या पोटाखालून तिच्याकडे सरकवलं.

“मागे पाच मिलिमीटर जास्त,” तिने वाचलं.

“म्हणजे चाकं पुढून जवळ आलीत. दोन-तीन असते तर चाललं असतं.”

“दोरी लावून बघ आधी!” खिडकीतून आवाज आला. “टेपवर काय विसंबतोस?”

बाबांचा जन्म गवंडीकामात गेला होता. दोरीशिवाय जगात काही सरळ असू शकतं, हे त्यांना मान्य नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी याच जीपच्या अपघातात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचा पलंग खिडकीशी होता आणि अंगणातल्या प्रत्येक कामावर त्यांची देखरेख होती. थोरल्याने मुकाट्याने दोरी बांधली. दोरीनेही तेच सांगितलं.

तो गाडीखाली शिरला. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा टायरॉड नवाकोरा होता. जुना अपघातात वाकून तुटला होता. तो आधी सुटला की आपटल्यावर तुटला, हे गॅरेजवाल्यालाही सांगता आलं नव्हतं. थोरल्याला मात्र कुणी सांगायची गरज नव्हती.

तो दूरच्या शहरात एका कारखान्यात फिटर होता. तीन महिन्यांपूर्वी, चार वर्षांनी, तो दहा दिवसांच्या रजेवर घरी आला होता; रविवारच्या गाडीचं परतीचं तिकीट खिशातच होतं. धाकटी गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर तिची जीप सतत आदळत असायची, त्यामुळे चाकं सारखी तिरकी व्हायची. “जाताजाता चाकं सरळ लावून देतो,” असं त्याने कौतुकाने म्हटलं होतं. माप झालं, रॉड फिरवला, माप जुळलं. रॉड जागचा हलू नये म्हणून त्याच्या टोकाला नट असतो. तो कसायचा तेवढा राहिला, तोच घरातून जेवायची हाक आली. जेवण होईपर्यंत धाकटी बाबांना बरोबर घेऊन निघूनही गेली होती. हात धुताना त्याला नट आठवला. त्याने फोन उचलला. मग परत ठेवला. वीस वर्षं पाना चालवलेला माणूस नट कसायला विसरला, हे बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? एका नटाने काय होतंय?

तासाभरात दवाखान्यातून फोन आला.

त्याने रजा वाढवली. मग आणखी वाढवली. शेवटी राजीनामा धाडून दिला. बाबांना आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, धरून चालवायचं, सगळं त्याने स्वतःकडे घेतलं. “पोरगा सोन्यासारखा निघाला,” असं शेजारीपाजारी म्हणायचे, तेव्हा तो मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

रॉड अर्धा वळसा फिरला. दोघांनी पुन्हा माप घेतलं. दोन मिलिमीटर. थोरल्याने नट कसला. पुन्हा कसला. मग पुन्हा पाना लावला.

“अरे दादा, किती कसशील? आटे जातील.”

तो गाडीखालून बाहेर आला, पण उठला नाही. तिथेच मातीत बसून राहिला.

“त्या दिवशी हा नट मी कसलाच नव्हता,” तो हळूच म्हणाला. “बाबांना मी अंथरुणाला खिळवलंय.”

ती रडेल, ओरडेल, निदान हातातला टेप तरी फेकेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पंपावर हवा भरायला थांबले होते. स्टिअरिंग सैल वाटत होतं, म्हणून वाकून बघितलं. नट ढिला होता. मी तिथेच कसला.”

त्याला काही कळेना. “मग गाडी रस्त्याखाली कशी गेली?”

“फोन वाजला. एका गोठ्यात गाय अडली होती. बाबा नको-नको म्हणत होते, तरी मी उचलला. वळण दिसलंच नाही.”

थोरल्याच्या हातात पाना तसाच राहिला. “तीन महिने,” तो म्हणाला. “तीन महिने बाबांना आंघोळ घालताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि तू गप्प राहिलीस?”

“पहिल्याच रात्री दवाखान्यात सांगणार होते. तू बाहेर बाकावर डोकं धरून बसला होतास. नटामुळे स्वतःला खातोयस, ते मला दिसत होतं. मी बाबांना म्हटलं, जाते, त्याला सगळं सांगून टाकते. उठलेही होते. पण बाबांनी माझं मनगट धरलं.”

“झालं का रे?” खिडकीतून हाक आली. “किती आलं माप?”

“दोन!” धाकटीने ओरडून सांगितलं.

“काय म्हणाले?” थोरल्याने विचारलं.

धाकटीने खिडकीकडे पाठ केली आणि आवाज अगदी खाली आणला.

“म्हणाले, ‘सांगू नकोस. खरं कळलं तर रविवारच्या गाडीने परत जाईल तो.’”